दोन्ही बाजूंनी रंग

फोटो टाकला तेव्हा दुकानात गर्दी होती. एका हाताने झेरॉक्स काढत होतो, दुसऱ्या हातात फोन. आपल्या गाड्यांवर आपणच काम करणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. मी त्यात आजवर नुसता वाचत बसायचो. पहिल्यांदाच काहीतरी टाकलं. आईच्या गाडीचं पुढचं चाक, चाकामागे माझा स्पेसर, काळा कुळकुळीत. खाली लिहिलं, 'सगळं घरी केलं.'

अंगठे पडायला लागले. मस्त. कडक. एकाने लिहिलं, हात आहे तुझ्यात. मी गिऱ्हाइकाला एकाच पानाच्या चार कॉप्या जास्त काढून दिल्या.

मग खडूसचा प्रश्न आला. त्याला ग्रुपवर सगळे खडूसच म्हणतात, तोही तेच नाव लावून फिरतो. त्याने कुणाचं कौतुक केलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही.

'रंग कुठे कुठे लावलास?'

मी लिहिलं, 'दोन्ही बाजूंनी. गेटचाच रंग, दोन दोन हात मारलेत. गंजाचं नावच नको.'

'गाडी आत्ता उभी आहे की चालू?'

'चालू. आई घेऊन गेलीये.'

'थांबव.'

मी नुसता बघत राहिलो. खाली भराभरा ओळी येत होत्या.

'रंग दाबला जातो बाळा. दाबला की पातळ होतो. पातळ झाला की नट सैल. हबला उघडा धातू, स्पेसरला उघडा धातू, चाकाला उघडा धातू. मध्ये कागदसुद्धा चालत नाही आणि तू गेटचा रंग लावलास. वाचत काय बसलायस? थांबव आधी.'

हातातलं पान तसंच मशीनवर टाकलं. 

आई गाडी शिकवते. आमचं घर त्याच्यावरच चालतं. गाडी एकच, डाव्या बाजूला आईसाठी वेगळा क्लच आणि ब्रेक, टपावर पिवळी पाटी. शिकणाऱ्यांनी फुटपाथला घासून घासून पुढची दोन्ही चाकं अशी वाकवली होती की टायरवाल्याने हात जोडले. मग मला जुन्या बाजारात त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीची दोन अलॉय चाकं मिळाली. भोकं तितकीच, अंतरही तेच. घरी आणून लावली तर आतून शॉकॲब्सॉर्बरला टेकायला लागली. म्हणजे चाक थोडं बाहेर सरकवायला पाहिजे. म्हणजे हब, ज्याच्यावर चाक बसतं तो भाग, आणि चाक ह्यांच्या मध्ये एक चकती पाहिजे. तोच स्पेसर.

चाक ज्या आट्यांच्या खिळ्यांवर नटाने आवळतात, ते स्टड. टायरवाला म्हणाला, "एवढं काय त्यात? प्रत्येक स्टडवर दोन दोन वॉशर टाक. काम झालं."

इथे मी शहाण्यासारखा वागलो होतो. हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल ह्याने सगळा अंधारातच दगड मारला. वॉशर नाही टाकले. ॲल्युमिनियमची अखंड चकती घेतली, मधलं भोक हबवर अंगठीसारखं घट्ट बसेल अशी. जाड नाही घेतली, पाच मिलीमीटरचीच. हबच्या मधोमध एक काठ वर आलेला असतो, चाक त्याच्यावर नीट मधोमध बसतं. साधी जाड चकती तो काठच गिळते, मग चाक मधोमध राहायला फक्त स्टडचाच आधार. चकती आली की नटाला आटे कमी मिळतात, म्हणून जुने स्टड काढून लांब बसवले. हबचा गंज तारेच्या ब्रशने असा घासला की खालचं लोखंड चमकलं. नट समोरासमोरचे आवळले, ठरलेल्या जोराला कट्ट वाजणाऱ्या पान्याने.

आणि ह्या सगळ्याच्या आधी चकत्यांना रंग लावला.

का? अहो, आमच्या घरात रंग न लावलेला धातू राहतच नाही. गेट, गच्चीची शिडी, बाबांची सायकल, पाण्याची मोटर. मोटरवरची कंपनीची पाटीसुद्धा आईने रंगवून टाकली, आता ती कुठल्या कंपनीची ते कुणालाच माहीत नाही. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. पण उघडा धातू हातात आला की आमचा हात ब्रशकडे जातोच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

आईला फोन लावला. वाजला. वाजतच राहिला. ती उचलणारच नव्हती. शिकवताना आईचा फोन डिक्कीत असतो. फोन समोर असला की शिकणारा तो वाजायची वाट बघत बसतो, असं तिचं म्हणणं. मला हे माहीत होतं, तरी मी तीनदा लावला.

मग बाबांना लावला. आईने अख्ख्या गावाला गाडी शिकवली, बाबांना सोडून. ते घरी बसून कुणाला कधी बोलवायचं ते सांभाळतात.

"बाबा, आत्ता गाडीत कोण आहे?"

"का रे?"

"सांगा ना पटकन."

"भूकंप."

आमच्याकडे प्रत्येक शिकणाऱ्याला नाव पडतं. भूकंप म्हणजे दातांच्या डॉक्टर बाई. पहिल्या दिवशी स्टिअरिंगवर त्यांचे हात असे कापत होते की टपावरची पाटी हलली, असं आई सांगते. तेव्हापासून भूकंप. अर्थात तोंडावर डॉक्टरच.

"कुठे नेलंय त्यांना?"

"मोठ्या रस्त्याला नेते म्हणाली आज. ती बाई अजून फार हादरते म्हणे. एकदा मोठ्या रस्त्याला सोडली की भीड चेपेल. कालच सांगत होती, स्टिअरिंगचं सोड, सगळा डॅशबोर्ड थरथरवला तिने."

"बाबा, डॅशबोर्ड कसा थरथरवेल ती?"



"ते मी नाही विचारलं," बाबा म्हणाले.

मी दुकानाच्या शेठला एवढंच सांगितलं, आईच्या गाडीचं चाक. त्याने स्कूटरची किल्ली फेकली. मी दारापर्यंत पोचतो तोवर हेल्मेटही फेकलं. "डोक्यात घाल आधी, मग मर," म्हणाला. गिऱ्हाइकं बघत राहिली. मशीन चालूच होतं, कोऱ्या कागदांवर कोरे कागद पडत होते.

मोठ्या रस्त्याच्या आधी आई सगळ्यांना गोदामामागच्या ग्राउंडवर नेते, हात मोकळा करायला. आधी तिथे गेलो. वाटलं, अजून तिथेच असतील. डॉक्टर बाईंना वेळ लागतो, पहिला गिअर टाकताना त्या पुढच्या मोकळ्या जागेचीही माफी मागतात.

ग्राउंड रिकामं. मातीत चाकांचे ताजे गोल होते. मी स्कूटर उभी करून ते बघत बसलो, वेड्यासारखा. उजव्या चाकाची रेघ जराशी नागमोडी होती. की मलाच तशी वाटत होती? खाली वाकून बघितलं. काही कळेना. उठलो. पुन्हा वाकलो. मग स्वतःलाच शिवी दिली आणि निघालो.

रस्त्यावर चमकणारी प्रत्येक गोष्ट मला नट वाटत होती. बाटलीचं झाकण. गोळीचा चंदेरी कागद. एके ठिकाणी तर थांबून उचललं, छत्रीची टोपी निघाली. थांबू नये कळत होतं, तरी थांबत होतो. डोक्यात नुसता हिशोब. चाक निघतं तेव्हा एकदम निघत नाही. आधी थरथरतं, मग टकटक करतं, मग नट स्टडला खात खात बाहेर येतात. थरथर कालच झाली. म्हणजे आज टकटक. आणि त्यांना ती ऐकू येणार नाही, कारण आई शिकवताना सतत बोलत असते. क्लच, क्लच, क्लच, आरसा बघा, आरसा, अहो समोरचा नाही बाजूचा.

पुलाच्या चढावर कुणी नव्हतं. एरवी आई इथे हाफ क्लच शिकवते आणि मागच्या गाड्या हॉर्न मारत असतात. आज पूल मोकळा. म्हणजे चढ आटोपून पुढे गेल्या.

पूल उतरलो आणि मोठा रस्ता लागला. ट्रक माझ्या कानाला चाटून जात होते. शेठची स्कूटर साठच्या वर गेली की रडते. रडू दे म्हटलं.

लांबवर पिवळी पाटी दिसली.

सगळ्यात डावीकडच्या लेनमध्ये, सरळ रेषेत, शिस्तीत चाललेली. मागून बघितलं तर कुणी म्हणेल काय छान चालवतात. मी उजवीकडून बाजूला गेलो. पुढचं उजवं चाक दिसलं. ते फिरता फिरता मान डोलावत होतं. गाणं आवडलेल्या माणसासारखं, हळू हळू.

"डॉक्टर! थांबा! चाक!"

डॉक्टर बाईंनी मान वळवली नाही. मी हॉर्न मारला. हात हलवले. हेल्मेटची काच वर करून बोंबललो. त्या समोर बघत होत्या, दात आवळून, पुतळ्यासारख्या. आईने शिकवलेलंच आहे ना, शेजारून कुणी काहीही ओरडलं तरी आपण आपलं समोर बघायचं. रस्त्यावर बाई चालवताना दिसली की लोक ओरडतातच. आजवर आईच्या एकाही शिकवणीने मला एवढा घाम फोडला नव्हता.

मागे पडलो आणि डावीकडून, खडीच्या पट्ट्यावरून पुढे गेलो. स्कूटर घसरत होती. आईची काच उघडी होती, कोपर बाहेर. तिने मला पाहिलं. आधी ओळखलंच नाही, मग ओळखलं, मग तिच्या चेहऱ्यावर घरी ये, बघते तुला, हे सगळं एकदम आलं.

"तू इथे काय करतोयस? आणि डावीकडून ओव्हरटेक?"

"आई, चाक सैल झालंय! पुढचं उजवं!"

तिचा पाय तिच्या ब्रेककडे गेला. मला खांद्यावरूनच कळलं.

"ब्रेक नको! जोरात नको! गाडी आपोआप हळू होऊ दे!"

आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मी खोटं बोलतो तेव्हा तिला कळतं. आत्ता काय कळलं ते तिलाच माहीत. तिने मान आत वळवली आणि तिचा आवाज मला स्कूटरवर ऐकू आला. घरी कधीच नसतो इतका शांत.

"डॉक्टर, ॲक्सिलेटरवरून पाय काढा. शाब्बास. ब्रेकला हात... पाय लावायचा नाही. स्टिअरिंग असंच सरळ. गाडीला दमू दे आपली आपण."

"ही बघा परत थरथरतेय," डॉक्टर बाई म्हणाल्या.

"थरथरू दे. तुम्ही धरून ठेवा."

गाडी दमत गेली. इतकी हळू की मला स्कूटरवरून पाय टेकवावे लागले. टक. टक. टक. आता स्पष्ट ऐकू येत होतं. अगदी शेवटी आईने हलकेच ब्रेक टेकवला आणि गाडी खडीवर थांबली.

मी स्कूटर तशीच आडवी टाकली आणि चाकाशी बसलो. एक नट बोटाने फिरला. दुसराही. तिसरा जरा अडला, मग फिरला. चौथ्याला हात लावायची माझी हिंमत होईना, आधी नुसता बघितला.

डॉक्टर बाई उतरल्या आणि माझ्या डोक्यावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना बघायचं होतं. मी एक नट त्यांच्यासमोर दोन बोटांनी फिरवला.

"मी सांगत होते तुम्हाला," त्या आईला म्हणाल्या. "काल सांगितलं. आज निघताना सांगितलं. मघाशी पुलावर सांगितलं."

"सांगत होतात," आई म्हणाली.

"तुम्ही म्हणालात, गाडी नाही, तुम्ही थरथरताय. म्हणालात, दीर्घ श्वास घ्या."

"म्हणाले."

"मी घेत होते हो श्वास! श्वास घेऊन घेऊन चक्कर यायची वेळ आली. दिवसभर लोकांच्या तोंडात सुया घालते मी. हात हलला तर दुसऱ्यांदा येईल का कुणी? पहिल्या दिवशी हलला, कबूल. पण त्यानंतर?"

 आई डिक्कीशी गेली, जॅक काढला, माझ्या पुढ्यात ठेवला. डिक्कीतून फोनही काढला. त्यावर माझे मिस्ड कॉल. ते तिने बघितले आणि फोन पालथा ठेवला.

"त्या तुझ्या चकतीमुळे झालं?" तिने विचारलं.

"चकतीमुळे नाही. रंगामुळे."

"रंगाने काय होतंय?"

चाक काढून दाखवलं. स्पेसर हबवरून ओढला. रंग जिथे जिथे दाबला गेला होता तिथून कडेला सरकून गोळा झाला होता, दुधावरची साय बोटाने सारावी तसा. मधे धातू उघडा पडलेला. मी नखाने एक सालटं काढून आईच्या हातावर ठेवलं.

"एवढंसं?"

"एवढंच सैल व्हायला पुरतं. नट आवळला तेव्हा तो रंगाला आवळला, चाकाला नाही. रंग सरकला, नट मोकळा."

आई ते सालटं अंगठ्याने चोळत राहिली.

"डबा मीच काढून दिला तुला," ती म्हणाली. "वर म्हटलं, मागच्या बाजूनेही मार."

"मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मला माहीत होतं त्याला गंज चढत नाही."

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

काय सांगणार? तू पहिल्यांदाच मला तुझ्या गाडीला हात लावू दिलास, तेव्हा तू सांगितलं असतंस तर मी सीटलाही रंग मारला असता.  आटे पुसत बसलो. स्टडच्या आट्यांवरून नख फिरवून बघितलं. सगळे शाबूत होते, अगदी थोडक्यात वाचले होते.

बाबांना फोन करून जुनी चाकं मागवली. "आणि तो लांब पाना, कट्ट वाजतो तो," मी म्हणालो.

"गाडी कशी आहे?" बाबा म्हणाले.

"गाडी नाही विचारायची आधी, बायको कशी आहे विचारायचं," आई मागून ओरडली.

"तिचा आवाज येतोय," बाबा म्हणाले. "म्हणजे बरी आहे."

ते टेंपोने येईपर्यंत आम्ही कडेला उभे. ट्रक गेला की सगळी गाडी जॅकवर हलायची, आणि मी धावत जाऊन धरायचो, जसं काही माझ्या धरण्याने थांबणार होती. मग दुसऱ्या बाजूला गेलो. डाव्या चाकाचे नट हाताने हलत नव्हते.

आई मागे येऊन बघत होती. "हे घट्ट आहे ना? मग कशाला उघडतोस? एकच बदल, निघू लवकर."

"नाही. हेही काढायचं."

"अरे पण घट्ट आहे."

"आज घट्ट आहे. रंग ह्यालाही आहे."

एरवी ह्यावर किमान तीन वाक्यं आली असती. आई सरकली आणि जागा करून दिली.

बाबा आले. जुनी वाकडी चाकं टेंपोतून उतरवताना म्हणाले, "ही मी भंगारात देणार होतो. तुमचं नशीब, माझा आळस." मी दोन्ही बाजूंना लोखंडाला लोखंड लावलं, मध्ये काही नाही. नट समोरासमोरचे घेतले. कट्ट. कट्ट. डॉक्टर बाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, आम्हीही दात बसवताना असंच, एकाच बाजूला जोर नाही द्यायचा. मला बरं वाटलं, पण फार नाही. अजून घर यायचं होतं.

स्कूटर बाबांनी घेतली. मी मागच्या सीटवर, मांडीवर पाना. आई तिच्या जागेवर. ड्रायव्हरची सीट रिकामी.

"मीच?" डॉक्टर बाई म्हणाल्या.

"मग कोण? बसा."

निघालो. जुनी चाकं वाकडीच, गाडी बारीक उड्या मारत होती. प्रत्येक उडीला माझा जीव वर यायचा. कानात प्राण आणून बसलो होतो. खडा उडाला, टक. दाराचं हँडल वाजलं, टक. आईचं कानातलं काचेला लागलं, टक. नुकतंच जोडलेलं चाक थोडं चाललं की पुन्हा आवळून बघायला पाहिजे, हे मी वाचलेलं होतं. पण मधेच थांबव म्हणायचं म्हणजे आईला. गाडी चालू असताना मागून बोलणाऱ्याला ती उतरवते, हे सगळ्यांना माहीत आहे.

"आई, थोडं थांबवतेस?"

तिने का म्हणून विचारलं नाही.

"डॉक्टर, डावा इंडिकेटर. आरसा. हळूच कडेला."

उतरलो. आठही नट बघितले. सगळे जागेवरच कट्ट वाजले, एकही हलला नाही. परत येऊन बसलो.

"झालं?"

"झालं."

पुन्हा निघालो. आता मी शांत बसायला पाहिजे होतं. नाही बसलो. पाय हलत होता, पाना हलत होता. पूल आला, चढलो, उतरलो. आई बोलत नव्हती. क्लच नाही, आरसा नाही, काही नाही. डॉक्टर बाईंनी दोनदा तिच्याकडे तिरकं बघितलं, बाई आजारी तर नाही ना म्हणून.

मग आईने विचारलं, "डॉक्टर, काही जाणवतंय का?"

डॉक्टर बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. स्टिअरिंग जरा सैल धरलं, पुन्हा धरलं.

"थोडी डावीकडे ओढतेय," त्या म्हणाल्या.

आईने त्यांचे हात बघितले नाहीत. श्वास घ्या म्हणाली नाही. मागे वळली, माझ्याकडे.

"ऐकलंस ना त्या काय म्हणतायत? उतर."

गाडी अजून पुरती थांबलीही नव्हती. मी पाना घेऊन दार उघडलं.